राजाला बोलतं करणाऱ्या माणसाकडे डिग्री नव्हती, आज त्याच कामासाठी विद्यार्थ्यांना शेकडो तास पेशंटसमोर बसावं लागतं

तारीख १९ ऑक्टोबर १९२६. ठिकाण लंडनची हार्ले स्ट्रीट. डॉक्टरांची गल्ली म्हणून जगभर नाव असलेला हा रस्ता. इथे दारावर पाटी लागली म्हणजे माणूस मोठा, असा तेव्हाही समज होता आणि आजही आहे.

त्या दिवशी १४६ नंबरच्या इमारतीत तीस वर्षांचा एक सडपातळ माणूस आला. इंग्लंडच्या राजाचा दुसरा मुलगा, ड्यूक ऑफ यॉर्क, अल्बर्ट. लहानपणापासून तो अडखळत बोलायचा. आधी बऱ्याच तज्ज्ञांना दाखवून झालं होतं, गुण कुणाचाच आला नव्हता.

ज्याच्यासमोर तो येऊन बसला त्या माणसाचं नाव लायनेल लोग. वय ४६, मूळचा ऑस्ट्रेलियाचा. आजूबाजूच्या पाट्यांवर लांबलचक पदव्या लिहिलेल्या होत्या. लोगकडे मात्र वैद्यकीय पदवी नव्हती, आणि स्पीच थेरपीची पदवी नावाची गोष्ट तर तेव्हा कुठे रुळलेलीच नव्हती.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. हाच ड्यूक पुढे राजा सहावा जॉर्ज झाला, युद्धाच्या काळात रेडिओवरून देशाशी बोलला आणि या दोघांच्या गोष्टीवर 'द किंग्ज स्पीच' नावाचा सिनेमा आला. २०११ मध्ये त्याला चार ऑस्कर मिळाले.

सिनेमा पाहून बऱ्याच जणांच्या मनात एक गोष्ट पक्की बसते. डिग्री-बिग्री काही नसतं, माणसात कसब पाहिजे.

पण लोगच्या आयुष्यातला एक भाग सिनेमात येत नाही. राजाला बोलतं करणारा हाच माणूस पुढे आपल्या कामाला नियम, परीक्षा आणि प्रशिक्षणाची चौकट मिळावी म्हणून झटला. आज लोग पुन्हा जन्माला आला आणि तसाच थेट हार्ले स्ट्रीटवर पाटी लावायला गेला, तर कायदा त्याला अडवेल. आणि त्या कायद्यापर्यंत नेणारा रस्ता बांधणाऱ्यांमध्ये तो स्वतःही होता.

हे कसं झालं, ते सुरुवातीपासून बघू.

अ‍ॅडलेडचा पोरगा आणि कवितेचा ठेका

लायनेल लोगचा जन्म २६ फेब्रुवारी १८८० चा. गाव दक्षिण ऑस्ट्रेलियातलं अ‍ॅडलेड. आजोबा आयर्लंडमधल्या डब्लिनहून आलेले, त्यांनी इथे बीअरचा कारखाना काढला होता. घर खाऊनपिऊन सुखी. पोराला प्रिन्स अल्फ्रेड कॉलेज या चांगल्या शाळेत घातलं.

अभ्यासात त्याचं फारसं लक्ष लागत नव्हतं. एकदा शाळेत लॉंगफेलो या अमेरिकन कवीची एक दीर्घ कविता त्याच्या हाती पडली आणि तिच्या ठेक्याने त्याला वेड लावलं. शब्द नुसते वाचायचे नसतात, त्यांना लय असते, श्वास असतो, हे त्याला तिथे कळलं.

सोळाव्या वर्षी तो एडवर्ड रीव्ह्ज या मास्तरांकडे जायला लागला. हे मास्तर वक्तृत्व शिकवायचे. त्या काळी टीव्ही नाही, रेडिओ नाही. लोक तिकीट काढून हॉलमध्ये जायचे आणि कुणीतरी शेक्सपिअर किंवा डिकन्स खड्या आवाजात म्हणून दाखवायचा. आपल्याकडे कीर्तनाला आणि व्याख्यानमालांना जशी गर्दी व्हायची, तसाच प्रकार.

१९०२ पासून लोग रीव्ह्ज मास्तरांचा सेक्रेटरी आणि सहायक शिक्षक झाला. सोबत संगीताचं शिक्षणही चालू होतं. म्हणजे तो शिकला तो उमेदवारी करून. मास्तर शिकवतात ते बघायचं, मग मास्तरांच्या देखरेखीखाली आपण शिकवायचं, चुकलं तर मास्तर सांगणार. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

वडील गेल्यावर त्याने स्वतःचे क्लास सुरू केले. मधल्या काळात कालगुर्लीच्या सोन्याच्या खाणीत वीज बसवण्याच्या कामावरही जाऊन आला. शेवटी पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या पर्थमध्ये स्थिरावला. तिथे १९०७ मध्ये मर्टल ग्रुनर्टशी लग्न केलं. पुढे तीन मुलं झाली. पर्थमध्ये तो वक्तृत्व शिकवायचा, नाटकं बसवायचा, भाषण शिकणाऱ्यांसाठी त्याने क्लबही काढला होता. १९११ मध्ये बायकोला घेऊन जगप्रवास केला आणि वेगवेगळ्या देशांत भाषणकला कशी शिकवतात ते बघून आला.

इथवर तो एक यशस्वी वक्तृत्व शिक्षक होता. पेशंट वगैरे शब्दांशी त्याचा संबंध नव्हता.

युद्धाहून परतलेले मुके सैनिक

१९१४ ला पहिलं महायुद्ध पेटलं. लोगने सैन्यात जायचा प्रयत्न केला, पण तब्येतीच्या कारणावरून त्याला घेतलं नाही.

युद्ध संपलं आणि ऑस्ट्रेलियाचे सैनिक घरी यायला लागले. कुणाचे हात गेलेले, कुणाचे पाय. काही जण वरून धडधाकट दिसायचे, पण त्यांना बोलता येत नव्हतं. कुणाचा घसा विषारी गॅसने जळालेला, तर कुणाची वाचा तोफांच्या माऱ्याखाली महिनोन्‌महिने काढल्यावर गेलेली.

डॉक्टर घसा तपासायचे. काही वेळा आत जखम भरलेली दिसायची, तरी आवाज फुटत नसे. अशा माणसाचं काय करायचं, याचं उत्तर तेव्हाच्या वैद्यकशास्त्राकडे नव्हतं.

१९१९ मध्ये फ्रीमँटलच्या हॉस्पिटलमध्ये असाच एक गॅस लागलेला सैनिक होता. तो फक्त कुजबुजू शकायचा. लोगने त्याच्यावर काम सुरू केलं. श्वास कसा घ्यायचा, पोटापासून हवा कशी सोडायची, एकेक आवाज कसा काढायचा. त्या सैनिकाचा आवाज परत आला. स्थानिक पेपरात त्याच्या बातम्या आल्या आणि मग तसेच दुसरे सैनिकही लोगकडे यायला लागले.

यात थोडं थांबून विचार करण्यासारखं आहे. या कामाचं पुस्तक लोगकडे नव्हतं. चुकलं तर सांगणारा कुणी वरिष्ठही शेजारी बसलेला नव्हता. पेशंटचा चेहरा बघायचा, छाती कशी हलते बघायची, आज काय जमलं, काल काय जमलं नव्हतं, याचा मनाशी हिशोब ठेवायचा. तो काम शिकला ते पेशंटच्या खाटेशेजारी, एकट्याने.

त्याच्या अंगात संयम होता, कान तयार होता, म्हणून जमून गेलं. पण अशा प्रकारे शिकणाऱ्या दहा जणांपैकी कितींना जमलं असतं? आणि ज्यांना जमलं नाही, त्यांच्या पेशंटचं काय झालं असतं? या दोन प्रश्नांवरच पुढे एक अख्खा व्यवसाय उभा राहणार होता.

लंडनला आला आणि थेट डॉक्टरांच्या गल्लीत शिरला

१९२४ मध्ये लोग कुटुंबाला घेऊन इंग्लंडला आला. म्हणायला सुट्टी होती, पण तो परत गेलाच नाही. सुरुवातीला शाळांमध्ये उच्चार आणि वक्तृत्व शिकवायची कामं घेतली. १९२६ मध्ये हार्ले स्ट्रीटवर खोली भाड्याने घेऊन पाटी लावली.

इथे लोगची एक चांगली सवय सांगायला पाहिजे. श्रीमंत पेशंटकडून तो रीतसर मोठी फी घ्यायचा आणि त्या पैशावर गरिबांना कमी पैशात बघायचा.

इकडे ड्यूक ऑफ यॉर्कची अवस्था वाईट होती. ३१ ऑक्टोबर १९२५ ला वेम्ब्लीच्या साम्राज्य प्रदर्शनाच्या समारोपाला त्याला भाषण करावं लागलं. हजारो लोक समोर आणि वाक्यावाक्याला शब्द अडकतायत. ऐकणाऱ्यांनाच अवघडल्यासारखं झालं. त्यात भर म्हणजे १९२७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या दौऱ्यावर जाऊन नव्या संसदेचं उद्घाटन त्यालाच करायचं होतं.

म्हणून १९ ऑक्टोबर १९२६ ला तो हार्ले स्ट्रीटला आला.

काय होता उपचार?

लोगने तपासून सांगितलं की स्वरयंत्र आणि छाती-पोटामधला श्वासपटल यांचा मेळ बसत नाहीये. मग रोज एक तासाचा व्यायाम ठरला. खोल श्वास घ्यायचा. उघड्या खिडकीपाशी उभं राहून मोठ्या आवाजात एकेक स्वर पंधरा सेकंद लांबवायचा. जीभ वळवणारी वाक्यं म्हणायची. अंग सैल सोडायचं.

भाषणाचा कागद आला की लोग त्यावर पेन्सिल घेऊन बसायचा. ज्या शब्दांवर ड्यूक अडकतो, ते शोधून त्यांच्या जागी सोपे शब्द घालायचे. 'क' आणि 'ग' ने सुरू होणारे शब्द त्याला जास्त छळायचे. कुठे थांबायचं, कुठे श्वास घ्यायचा, याच्या खुणा करायच्या.

आणि एक महत्त्वाचा नियम. उपचारासाठी लोग राजवाड्यात जायचा नाही, ड्यूकने त्याच्या खोलीवर यायचं. तिथे तो राजपुत्र नाही, पेशंट.

सुमारे चौदा महिन्यांत ८२ वेळा ड्यूक त्याच्याकडे आला. या मधल्या काळातच ऑस्ट्रेलियाचा दौरा होता. लोगनेही सोबत यावं असं राजवाड्याकडून सुचवण्यात आलं. लोगने नकार दिला. सतत कुणीतरी शेजारी लागत असेल तर उपचार झाला असं म्हणता येणार नाही, माणसाने स्वतःच्या बळावर उभं राहायला पाहिजे, असं त्याचं मत होतं.

९ मे १९२७ ला कॅनबेरात नव्या संसद भवनाचं उद्घाटन झालं. ड्यूकने भाषण केलं आणि ते नीट पार पडलं.

सिनेमात हे सगळं राजा होण्याच्या आसपास घडल्यासारखं दाखवलंय. खरं तर मोठी सुधारणा त्याच्या दहा वर्षं आधीच झाली होती. आणि सिनेमातला लोग ड्यूकला घरच्या लाडक्या नावाने हाक मारतो, तसं प्रत्यक्षात घडल्याचं दिसत नाही. दोघांची मैत्री खरी होती, पण लोग मानमरातब सांभाळून राहायचा.

मायक्रोफोनच्या शेजारी उभा असलेला माणूस

डिसेंबर १९३६ मध्ये थोरल्या भावाने गादी सोडली आणि अल्बर्ट राजा झाला. नाव घेतलं सहावा जॉर्ज. १२ मे १९३७ ला राज्याभिषेक झाला, त्याची तयारी लोगने करून घेतली. त्याच वर्षी राजाने त्याला किताब दिला.

३ सप्टेंबर १९३९ ला ब्रिटनने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारलं. त्या संध्याकाळी राजा रेडिओवरून बोलला तेव्हा खोलीत लोग होता. युद्धाच्या काळातली मोठी भाषणं, नाताळचे संदेश, या सगळ्यांच्या तयारीला लोग असायचाच. घरच्यांचा नाताळ सोडून तो राजाकडे जायचा.

मग आला १९४४ चा नाताळ. त्या वर्षी लोग घरी थांबला आणि राजाने संदेश एकट्याने दिला. लोगने आपल्या घरी बसून रेडिओवर ऐकला.

स्पीच थेरपी शिकवणाऱ्या कुणालाही विचारा, या दोन नाताळांमधलं अंतर म्हणजेच त्यांचं काम, असं ते सांगतील. आधी शेजारी उभं राहायचं, मग थोडं मागे सरकायचं, मग खोलीबाहेर थांबायचं आणि एक दिवस घरी बसून ऐकायचं. पेशंटच्या बाबतीत हे खरं आहे. शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या बाबतीतही तंतोतंत खरं आहे.

पाटी कुणीही लावू शकत होतं, हाच प्रॉब्लेम होता

आता त्या भागाकडे येऊ, जो सिनेमात नाही.

त्या काळात बोलण्याच्या दोषांवर उपचार करतो म्हणून कुणीही दुकान थाटू शकत होतं. वक्तृत्वाचे शिक्षक होते, गायन शिकवणारे होते, नाटकवाले होते, काही सरळसरळ भोंदू होते. पोरगं अडखळत बोलतं म्हणून हवालदिल झालेले आईबाप मागेल तेवढे पैसे मोजायचे. गुण आला नाही तर तक्रार करायची कुठे, याचाही पत्ता नव्हता.

चांगलं कामही सुरू झालं होतं. लंडनमध्ये एल्सी फोगर्टी नावाच्या बाई होत्या. त्यांनी १९०६ मध्ये सेंट्रल स्कूल ही भाषण आणि नाट्य शिकवणारी संस्था काढली होती. पुढे सेंट थॉमस हॉस्पिटलमधलं वाचा-उपचाराचं क्लिनिक त्यांनी सांभाळलं. वर्गात आवाजाचं शास्त्र शिकायचं आणि हॉस्पिटलात खरे पेशंट बघायचे, ही जोडी तिथे जुळायला लागली. पण अशा जागा मोजक्याच.

१९३५ मध्ये लोगने ब्रिटिश सोसायटी ऑफ स्पीच थेरपिस्ट्स ही संघटना उभी केली. त्याच सुमाराला याच क्षेत्रातली आणखी एक संघटना काम करत होती. दोन संघटना, दोन दारं. शेवटी दोघींचं विलीनीकरण होऊन १९४५ मध्ये कॉलेज ऑफ स्पीच थेरपिस्ट्स तयार झालं. लोग त्याच्या संस्थापक फेलोंपैकी एक होता.

नावात कॉलेज असलं तरी ही वर्ग भरवणारी संस्था नव्हती. कोण शिकवणार, काय शिकवणार, परीक्षा काय असेल, कुणाला पात्र म्हणायचं, हे ठरवणारी ही व्यावसायिक संस्था. आपल्याकडे वकिलांसाठी बार कौन्सिल असते, त्या धर्तीवर समजून घ्या.

१९४८ मध्ये लोग ६८ वर्षांचा होता. त्याने राजाला पत्र लिहून या कॉलेजचा आश्रयदाता व्हायची विनंती केली. साधारण ३५० सदस्य झालेत, पैशांचं गणित ठीक आहे, ब्रिटनच्या डॉक्टरांच्या संघटनेने मान्यता दिली आहे, असं सगळं त्यात मांडलं होतं. राजाने होकार दिला.

इतक्या वर्षांच्या ओळखीत लोगने राजाकडे काय मागितलं, तर आपल्या व्यवसायाच्या डोक्यावर हात. आता वाचा-उपचार करणाऱ्याला भोंदू म्हणून हिणवणं अवघड झालं. आणि खरोखरच्या भोंदूला त्या रांगेत घुसणंही अवघड झालं.

त्याच्याच घरात याचा दुसरा धडा होता. मधला मुलगा व्हॅलेंटाइन रीतसर वैद्यकीय शिक्षण घेऊन मेंदूचा सर्जन झाला. बाप अनुभवावर शिकलेला, मुलगा देखरेखीखाली वर्षानुवर्षं घडलेला.

मग आज हे काम शिकवतात कसं?

आज स्पीच थेरपिस्ट व्हायचं तर वर्गातल्या अभ्यासाइतकंच वजन पेशंटसमोरच्या प्रशिक्षणाला असतं. आपल्याकडचे विद्यार्थी त्याला क्लिनिक किंवा पोस्टिंग म्हणतात.

सुरुवातीला विद्यार्थ्याने फक्त बघायचं. सुपरवायझर पेशंटशी कसं बोलतात, कुठे थांबतात, काय लिहून घेतात. मग त्याला छोटं काम मिळतं. पेशंटचा इतिहास विचारणं, एखादी चाचणी घेणं. मग तो पूर्ण सेशन घेतो आणि सुपरवायझर शेजारी किंवा एकतर्फी काचेपलीकडे बसून बघतात. सेशन संपलं की काय बरोबर झालं, काय चुकलं यावर बोलणं होतं. पुढच्या सेशनचा आराखडा आधी लिहून तपासून घ्यावा लागतो. जसजसा हात बसतो, तसतसे सुपरवायझर मागे सरकतात.

अमेरिकेत मान्यताप्राप्त प्रमाणपत्रासाठी असे ४०० तास पूर्ण करावे लागतात. त्यातले २५ तास निरीक्षणाचे आणि ३७५ तास प्रत्यक्ष पेशंटसोबतचे. ब्रिटनमध्ये स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट हे पदनाम कायद्याने राखीव आहे, नोंदणी नसताना ते लावणं गुन्हा आहे. भारतात बीएएसएलपी ही पदवी चार वर्षांची. त्यातलं शेवटचं वर्ष अख्खं इंटर्नशिपचं. १९९२ च्या कायद्याने भारतीय पुनर्वास परिषदेकडे या अभ्यासक्रमाचे आणि नोंदणीचे अधिकार आले. म्हैसूरची ऑल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ स्पीच अँड हिअरिंग १९६५ पासूनची. मुंबईत नायर हॉस्पिटल आणि वांद्र्याची अली यावर जंग संस्था इथे हे शिक्षण मिळतं.

एवढे तास कशाला? पुस्तक वाचून जमणार नाही का?

दोन उदाहरणं घेऊ.

चार वर्षांची एक मुलगी 'काका' ला 'ताता' म्हणते. पुस्तक सांगतं, जिभेचा मागचा भाग वर उचलला जात नाहीये, म्हणून 'क' च्या जागी 'त' येतो. बरोबर. पण ती मुलगी तुमच्यासमोर बसतच नाही, टेबलाखाली जाऊन लपते. आई बाजूला बसून सारखं नीट म्हण, नीट म्हण करतेय. मुलगी आणखी गप्प होते. आता आधी आईला कसं सांगायचं, खेळता खेळता 'क' कसा काढून घ्यायचा, हे पुस्तकात नाही. ते सुपरवायझरच्या शेजारी बसूनच शिकता येतं.

दुसरं उदाहरण जास्त गंभीर. पक्षाघाताचा झटका येऊन गेलेले एक आजोबा आहेत. त्यांना सगळं समजतं, पण शब्द सापडत नाहीत. हो म्हणायचं असतं आणि तोंडातून नाही निघतं. शिवाय गिळताना ठसका लागतो. बऱ्याच लोकांना माहीत नसतं, पण गिळण्याचा त्रास तपासणं हेही स्पीच थेरपिस्टचंच काम. यांना पाणी द्यायचं की घट्ट केलेलं पेय? चमचा केवढा? मान कशी ठेवायची? इथे अंदाज चुकला तर घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो आणि जीवावर बेतू शकतं.

पहिल्यांदाच असा पेशंट बघणाऱ्या विद्यार्थ्याने एकट्याने हा निर्णय घ्यावा का? अजिबात नाही. आणि हा निर्णय कधीच न घेता तो पास व्हावा का? तेही नाही. या दोन टोकांच्या मधली जागा म्हणजे पोस्टिंग. चूक होण्याआधी तिला पकडणारा माणूस शेजारी हजर असतो.

फ्रीमँटलच्या हॉस्पिटलात लोगच्या शेजारी असं कुणी नव्हतं.

लोगचं काय उरलं?

१९४५ मध्ये मर्टल गेली. त्यानंतर लोग खचला, पण काम थांबवलं नाही. ६ फेब्रुवारी १९५२ ला राजा वारला. साधारण सव्वा वर्षाने, १२ एप्रिल १९५३ ला लंडनमध्ये लोगनेही डोळे मिटले. वय ७३.

आजच्या शास्त्राच्या कसोटीवर त्याचं सगळंच टिकत नाही. अडखळत बोलणं हा श्वासाचा दोष आहे असं आता मानत नाहीत. मेंदूत बोलण्याची जुळवाजुळव कशी होते याच्याशी त्याचा संबंध आहे आणि त्यात आनुवंशिकतेचाही वाटा असतो. शिवाय अडखळणं पूर्ण घालवणं हेच यश, असाही आग्रह आता नसतो. माणूस न घाबरता बोलायला लागला, बोलणं टाळेनासा झाला, तर तेही मोठं यश धरतात. राजाचं अडखळणंही पूर्ण कधी गेलं नाही. तो बोलायला घाबरेनासा झाला.

आणखी एक गोष्ट चुटपुट लावणारी आहे. लोगने आपली पद्धत सविस्तर सांगणारं पुस्तक लिहून ठेवलं नाही. डायऱ्या, पत्रं, पेशंटची कार्डं मागे राहिली. नातवाने ती जमवून २०१० मध्ये पुस्तक केलं, म्हणून आपल्याला इतकं तरी कळतं. पण खोलीत बसून तो पेशंटचं नेमकं काय ऐकायचा, कधी गप्प राहायचा, कधी थांबवायचा, हे त्याच्याबरोबरच गेलं.

कारण असं ज्ञान कागदावर पुरतं उतरत नाही. ते शेजारी बसून, बघून, चुकून आणि सुधारूनच पुढच्याच्या हातात जातं. लोग स्वतः रीव्ह्ज मास्तरांकडून असाच शिकला होता.

तेव्हा पुढच्या वेळी तुम्ही आजीला किंवा मुलाला घेऊन सरकारी हॉस्पिटलच्या स्पीच थेरपी विभागात गेलात आणि तिथे विशी-बाविशीचं पोरगं किंवा पोरगी वही घेऊन समोर बसलं, मागे त्यांचे सर किंवा मॅडम उभे दिसले, तर आपल्याला शिकाऊ माणूस दिला म्हणून लगेच वैतागू नका. हवं तर मागे कोण देखरेख करतंय ते विचारा, तो तुमचा हक्कच आहे. उत्तर नीट मिळालं तर त्या पोराला आजीशी बोलू द्या. उद्याच्या पेशंटसाठी लागणारा माणूस आज तुमच्यासमोर तयार होत असतो.